"स्वतःचं स्वतः करता का?" तपासणीत ९० गुण, घरात मात्र चित्र वेगळं

चाफा

आईला पाच महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय अधू. हॉस्पिटलातून घरी आणलं, फिजिओ सुरू केली, आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते. मागच्या आठवड्यात घरी मदतनीस किती तास द्यायचा हे ठरवण्यासाठी तिची तपासणी झाली. आलेल्या बाई बोलायला चांगल्या होत्या, पण वीस-पंचवीस मिनिटांत सगळं उरकलं. त्या विचारणार, आई उत्तर देणार, त्या खूण करणार.

"अंघोळ स्वतःची स्वतः करता?" "हो."
"कपडे?" "मीच घालते."
"संडासला जाताना कुणी लागतं?" "छे, कुणी कशाला लागेल?"

मी शेजारीच उभी होते. परक्या माणसासमोर आईला खोटं कसं पाडायचं? गप्प राहिले. निकाल आला: बार्थेल निर्देशांकावर, म्हणजे रोजची कामं माणूस किती स्वतः करतो त्या मोजमापावर, १०० पैकी ९०. फक्त जिन्याचे दहा गुण गेले. थोडक्यात, मदतीची गरज नाही.

आता रोजची सकाळ सांगते. आई पलंगाच्या कडेला बसते आणि पुढून बटणांचा शर्ट हातात घेते. उजवा हात उजव्या बाहीत जातो. मग उजव्याच हाताने वरची तीन बटणं लावते, चौथं चुकीच्या काजात, आणि "झालं" म्हणते. डावी बाही पाठीमागे लोंबत असते, डावा हात तसाच उघडा मांडीवर. मी दाखवलं की माझ्याकडेच नवलाने बघते, "अगं, घातलाय की!" अंघोळीला मी आत असतेच, कारण डाव्या बाजूला ती पाणीच घेत नाही. ताटात डावीकडचं सगळं तसंच राहतं.

माझे दोन प्रश्न. हे गुण बदलून मिळू शकतात का? आणि पुढच्या वेळी मी तिच्या तोंडावर बोलायचं की नाही?

पायवाट

अगदी हेच आमच्याकडे. बाबांना पार्किन्सन्स. तपासणीची वेळ नेमकी गोळी घेतल्यावर तासाभराने होती. त्या तासात बाबा खुर्चीतून उठले, चालले, वळले, पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला गेले. गोळीचा अंमल उतरल्यावर त्याच दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले आणि दहा मिनिटं पाऊल उचललं नाही. ते बघायला कुणी नव्हतं. निकालात लिहून आलं, "स्वतंत्रपणे चालतात."

खोटं कुठे आहे त्यात? चालतात. दिवसातून चार तास.

निरीक्षा

चाफा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी. अकरा वर्षं हेच काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बार्थेल निर्देशांक १९६५ सालचा. फ्लॉरेन्स महोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट, दोघींनी मिळून मांडलेला. त्यात दहा गोष्टी येतात: खाणं, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं वगैरे, कपडे, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, संडास वापरणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिना. गुण पाचच्या पटीत. अंघोळीला जास्तीत जास्त पाचच, म्हणजे एकट्याने केली तर पाच, नाही तर शून्य, मधलं काही नाही. पलंगावरून खुर्चीत जाणं आणि चालणं यांना मात्र पंधरा-पंधरा.

या निर्देशांकाचा मूळ नियम असा की माणूस रोज प्रत्यक्षात *काय करतो* ते नोंदवायचं. काय करू शकला असता, ते नाही. दुसरा नियम, नुसती देखरेख लागत असली तरी तो माणूस त्या गोष्टीत स्वतंत्र धरत नाहीत. हात लावावा लागत नाही पण पडेल म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहतं, तर पूर्ण गुण द्यायचे नाहीत. तुमच्या आईच्या तपासणीत हे दोन्ही नियम सुटले. रुग्णाला विचारून माहिती घेणं चुकीचं नाही, पण घरच्यांना विचारणं आणि जमेल तिथे डोळ्यांनी बघणं त्यात धरलेलं आहे.

आणखी एक, पण ते वेगळं लिहिते. आधी एक सांगा: आई बोलताना तुमच्याकडे बघतात का, विशेषतः तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला बसला असाल तेव्हा?

उंबरा

काठी घेऊन चाललं तरी पूर्ण गुण मिळतात का? आमच्याकडे काठीमुळे कमी केले होते.

निरीक्षा

@उंबरा, बार्थेलमध्ये साधनं वापरायला पूर्ण मुभा आहे. काठी, वॉकर, लांब दांड्याचा ब्रश, कठडा, काहीही. माणसाची मदत नको, एवढंच. तुमच्याकडे दुसरी पद्धत वापरली असेल. एफआयएम नावाचं माप आहे, त्यात अठरा बाबी आणि प्रत्येकीला १ ते ७ अशा पायऱ्या, एकूण १८ ते १२६. तिथे साधन लागलं, जास्त वेळ लागला किंवा पडण्याचा धोका असला तर सातऐवजी सहा मिळतात, आणि नुसती देखरेख किंवा सामान हाताशी मांडून देणं लागलं तर पाच. तिथे काठीचा गुण खरंच जातो.

सांजवेळ

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे. मला संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड, एकोणीस वर्षं झाली. तपासणीला बसणारी ती "आई" मी आहे.

इथे सगळे म्हणताहेत घरच्यांना विचारा. विचारा, पण आधी माझ्याशी बोला. माझ्या एका तपासणीत समोरच्या गृहस्थांनी पहिला प्रश्नच माझ्या मुलाला विचारला, "यांना चमचा धरता येतो का?" मी समोर बसलेली, तोंड शाबूत, डोकं शाबूत. मुलाने चांगल्या मनाने सांगितलं, "नाही, मीच भरवतो." तो मला आजारपणात एकदा आठवडाभर भरवत होता. तेच त्याच्या डोक्यात बसलेलं. जाड मुठीचा चमचा मी रोज वापरते, हे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

आणि "हो, मी करते" या उत्तरामागे काय असतं ते आम्हालाच ठाऊक. सकाळी उठल्यावर दीड तास बोटं वळत नाहीत. कपडे मी घालते, एकटीने, पण त्याला पाऊण तास लागतो आणि मध्ये दोनदा बसावं लागतं. एक बटण लावायचं तर आधी काज डाव्या अंगठ्याने दाबून धरायचं, मग उजव्या हाताची दोन बोटं बटणाच्या कडेखाली सारायची, आणि अंगठ्याच्या सांध्यात कळ उठायच्या आत ते पलीकडे ढकलायचं. तीन बटणं झाली की हात मांडीवर ठेवून थांबायचं. कागदावर याचे दहापैकी दहा. ते दहा खरे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण कपडे घालून झाल्यावर माझ्यात अंघोळीचं बळ उरत नाही, म्हणून अंघोळ दोन दिवसांनी होते. हे कोणत्या रकान्यात लिहू?

निवांत_क्षण

सांजवेळ, बटणांसाठी आकडा मिळतो, लाकडी मुठीला तारेचा फास असतो. काजातून आत घालायचा, बटणाला अडकवायचा, ओढायचा. माझ्या बहिणीने तो घेतल्यापासून सकाळची धुसफूस थांबली. किंवा बटणं वरवर शिवून आत चिकटपट्टी लावता येते, बाहेरून कळतसुद्धा नाही.

सांजवेळ

आकडा आहे माझ्याकडे. बाहीच्या कडेची बटणं एका हाताने लावावी लागतात, तिथे नाही चालत. चिकटपट्टीचं करून बघते, धन्यवाद.

दवाखान्यातून

मी डॉक्टर आहे आणि अशा तपासण्या करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

दिवसाला ठरावीक माणसं बघावी लागतात. ज्या गोष्टी मला सर्वात जास्त बघायला हव्यात त्या मी बघूच शकत नाही: अंघोळ आणि संडास. कुणाला परक्यासमोर अंघोळ करून दाखवायला सांगायचं? म्हणून मी आडून बघतो. बूट-मोजे काढून घाला म्हणतो. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा म्हणतो आणि घड्याळ लावतो, ही चाचणी १९९१ पासून वापरात आहे. उठताना हाताचा आधार घेतला का, वळताना किती पावलं पडली, बसताना अंग टाकून दिलं का, यावरून न्हाणीघरात काय होत असेल त्याचा अंदाज येतो. उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो का तेही बघतो, कारण तो पडत असेल तर संडासातून उठताना घात होतो.

पण सांजवेळ यांचं बरोबर आहे. घरच्यांची उत्तरं दोन्हीकडे झुकतात. थकलेली सून "काहीच करत नाहीत" म्हणते आणि लांब राहणारा मुलगा "सगळं करतात" म्हणतो. दोघंही मनापासून बोलत असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक क्षमता, म्हणजे ठरावीक सारख्या वातावरणात माणसाला काय जमतं. दुसरी प्रत्यक्ष कृती, म्हणजे त्याच्या स्वतःच्या घरात, त्याच्या उंबऱ्यावर, त्याच्या माणसांत तो काय करतो. पायवाट यांच्या वडिलांची क्षमता मोजली गेली, आणि तीही दिवसातल्या सर्वात चांगल्या तासाची. पार्किन्सन्समध्ये शेवटची गोळी कधी घेतली हे लिहिल्याशिवाय ती नोंद अपुरी आहे.

रातराणी

माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश. हातपाय माझ्यापेक्षा ठणठणीत. जिना चढतात, वाकतात, बटणं लावतात. पण सकाळी कपाटासमोर सोडलं तर तासाने तिथेच असतात, घातलेल्या कपड्यांवर दुसरे चढवून. मी बाजूला उभी राहून "आता हा हात... आता दुसरा... आता बटण" असं म्हणत गेले की सगळं नीट होतं. एकदाही हात लावावा लागत नाही.

आम्हाला कपड्यांचे पूर्ण गुण दिले होते, कारण "शारीरिक मदत लागत नाही."

दवाखान्यातून

रातराणी, खरं सांगतो, काही वर्षांपूर्वी मीही पूर्णच दिले असते.

रातराणी

मग आमचा अख्खा दिवस तुमच्या कागदावर उमटलाच नसता, डॉक्टर. मी रोज दोन-अडीच तास नुसती वाक्यं बोलते. घसा बसतो.

निरीक्षा

रातराणी यांचा मुद्दा सोडू नका. सतत सूचना द्यावी लागणं ही मदतच आहे. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी जो निर्देशांक मांडला त्यात अंघोळ, कपडे, संडास, उठबस, नैसर्गिक विधींवरचा ताबा आणि खाणं या सहाच गोष्टी आहेत. स्वतंत्र म्हणजे देखरेख, दिशा दाखवणं किंवा माणसाची प्रत्यक्ष मदत यांच्याशिवाय, अशी त्यांची व्याख्या. दिशा दाखवणं त्यात स्पष्ट आलेलं आहे.

कॅट्झचं अजून एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. या गोष्टी वाटेल तशा सुटत नाहीत, बहुतेकदा क्रमाने सुटतात. सर्वात आधी अंघोळ, सर्वात शेवटी खाणं. माणूस सावरताना उलट, आधी खाणं परत येतं. त्यामुळे अंघोळीत "पूर्ण स्वतंत्र" आणि खाताना "मदत लागते" असं एकाच कागदावर दिसलं तर मी थांबते आणि पुन्हा विचारते.

पायवाट

स्मृतिभ्रंशात फोन, पैसे, औषधं हे आधी बिघडतं ना? ते या दहांत कुठेच नाही.

निरीक्षा

बरोबर, ते दुसऱ्या फळीत येतं. लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ ची मोजपट्टी: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. बार्थेलच्या मूळ लेखातच लिहिलंय की १०० गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेल असं नाही, कदाचित त्याला स्वयंपाक किंवा घर सांभाळणं जमणार नाही. त्याला अंगाची निगा राखायला माणूस लागत नाही, एवढाच त्या शंभराचा अर्थ.

उंबरा

लघवीबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचं मूत्राशय ठीक आहे, सगळ्या तपासण्या झाल्या. पण खुर्चीतून उठून संडासापर्यंत सात-आठ मिनिटं लागतात आणि पँटचं हूक निघत नाही. वाटेतच होतं. तपासणीत "लघवीवर ताबा आहे का" विचारलं, ते म्हणाले "आहे." तेही खरंच. मग मी कमरेला इलास्टिकच्या पँट आणल्या आणि खुर्ची संडासाच्या दाराजवळ हलवली. महिन्यातून दोन-तीनदाच होतं आता. बाबा पुन्हा बैठकीत येऊन बसायला लागले. आधी लाजून खोलीतच बसायचे.

निवांत_क्षण

उंबरा, तुमचं वाचून माझ्या भावाला लगेच फोन केला. आमच्या काकांचं हेच असणार.

चाफा

सगळ्यांचे आभार, काल रात्री दोनदा वाचलं.

निरीक्षा, तुम्ही विचारलं होतं. मी डावीकडे बसले तर आई उत्तर देते, पण उजवीकडे बघत. मला वाटायचं रागावली आहे. आणि काल आवर्जून पाहिलं, केसही उजव्याच बाजूचे विंचरते.

निरीक्षा

मला तीच शंका होती. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पक्षाघातानंतर काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळ्यांना दिसत असतं, पण मेंदू ती बाजू मोजत नाही. शिवाय काहींना आपल्यात काही कमी आहे याची जाणीवच होत नाही. तीही आजाराचीच खूण. चाफा, आई "शर्ट घातलाय की" म्हणतात तेव्हा कदाचित त्या लपवत नसतील आणि हट्टही करत नसतील. त्यांच्या लेखी तो शर्ट घालून झालेला आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: बोला. हे तोंडी उत्तरांवर मोजताच येणार नाही, करून बघावं लागेल. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टांना हे सांगा आणि डाव्या बाजूच्या दुर्लक्षाची वेगळी तपासणी करून लेखी घ्या. रेषा मध्यावर दुभागणं, कागदभर विखुरलेल्या खुणा खोडणं, घड्याळ काढणं अशा साध्या चाचण्या असतात.

सांजवेळ

आणि बोलण्याआधी आईंना सांगा की मी बोलणार आहे. पाठीमागे नको आणि अचानकही नको. "तू तुझं सांग, मग मी माझं सांगते" एवढं आधी सांगितलं तरी फार फरक पडतो. माझा मुलगा आता तसंच करतो.

जुनी_वही

सात दिवसांची वही ठेवा. मी वडिलांसाठी ठेवली होती, फेरतपासणीत तीच उपयोगी पडली. "मदत लागते" असं लिहू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. असं लिहा: "सकाळी ६.४०. पलंगावरून उठताना दोन्ही काखांत हात घालून उचललं. दुसऱ्या प्रयत्नात उठले." "रात्री २.१५. संडास, मी बरोबर, परत येताना भिंतीला टेकून थांबले." चांगला दिवस असेल तर चांगला लिहा, वाईटच तेवढे निवडू नका. आमच्या वहीत एक अख्खा दिवस "आज सगळं स्वतः केलं" असा होता. तपासणाऱ्यांनी तो वाचला आणि मग बाकीच्या सहा दिवसांवर विश्वास ठेवला.

दवाखान्यातून

जुनी_वही यांना अनुमोदन. मला अशी वही मिळाली तर मी आधी ती वाचतो. आणि रात्रीच्या नोंदी नक्की ठेवा, आम्ही रात्री कधीच नसतो.

चाफा

(साडेतीन आठवड्यांनी)

सांगायला आलेय. न्यूरॉलॉजिस्टांनी चाचण्या घेतल्या. आईला कागदावरची आडवी रेष मध्यावर कापायला सांगितली, तिने उजव्या टोकाच्या बरीच जवळ कापली. घड्याळ काढलं त्यात बारा ते सहा सगळे आकडे उजव्या अर्ध्यात, डावा अर्धा कोरा. ते बघून मला रडू आलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. पाच महिने मी तिच्यावर चिडत होते.

तो अहवाल आणि वही जोडून फेरतपासणीचा अर्ज केला. या वेळी दुसरे गृहस्थ आले, सकाळी साडेसातला, कारण आम्ही तशी वेळ मागितली होती. आदल्या रात्री आईला सांगितलं होतं की तू तुझं सांग, मग मी माझं सांगेन. "सांग की, मला कुणाची भीती आहे?" म्हणाली.

त्यांनी प्रश्न विचारलेच नाहीत फारसे. "शर्ट बदलताय ना, बदला, मी बसतो" म्हणाले. आईने उजवा हात घातला, तीन बटणं लावली, "झालं" म्हणाली. ते उठले, तिच्या उजवीकडे खाली बसले आणि तिचा डावा हात हळूच उचलून तिच्या नजरेसमोर आणला. "आणि हा कुणाचा?" आई बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगंबाई, हा राहिलाच की."

नवे गुण ५०. खाणं ५, अंघोळ ०, केस-तोंड ०, कपडे ५, शौच १०, लघवी ५, संडास वापरणं ५, पलंग ते खुर्ची १०, चालणं १०, जिना ०. सकाळ-संध्याकाळ मदतनीस मंजूर झाली आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार.

रातराणी

चाफा, वाचून फार बरं वाटलं. आम्हीही अर्ज केलाय, वही सुरू आहे.

पायवाट

आम्ही या वेळी गोळीच्या आधीची वेळ मागितली आहे. बघू.

निरीक्षा

चाफा, शर्टासाठी एक करून बघा. डाव्या बाहीच्या काठावर ठळक लाल रंगाची फीत शिवा. शर्ट मांडीवर पसरून ठेवायचा, आधी लाल फीत शोधायची, आधी डावा हात घालायचा, मग उजवा. काढताना उलट, आधी चांगला हात, मग अधू. रोज तोच क्रम, तेच शब्द. ताटाच्या डाव्या कडेलाही तशीच खूण चालेल.

चाफा

फीत शिवली. पहिले चार दिवस मलाच "लाल कुठंय?" विचारावं लागलं. आज सकाळी मी गॅलरीत होते तर आतून आईचा आवाज, स्वतःशीच: "लाल कुठंय... लाल कुठंय... हं." आत जाऊन बघते तर डावा हात बाहीत कोपरापर्यंत गेलेला.